तालुक्याच्या इतिहासाचं पुस्तक छापायला अनुदान कुठून मिळेल?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आणि तुमच्या मित्रांनी नोकरी सांभाळून तालुक्यातले वीरगळ (लढताना पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड), बारवा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरी), दोन पडके किल्ले, एका वाड्यातली मोडी कागदपत्रं आणि गावोगावच्या आज्यांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या असं सगळं गोळा केलंय, टाइप करून ३४० पानं झालीत, ६० रंगीत फोटो आहेत. प्रकाशक म्हणाला पुस्तक चांगलंय पण खर्च तुम्ही करा. आणि आता तुम्ही विचारताय की सरकारी अनुदान मिळेल का आणि फॉर्म कुठे भरायचा.

मी एका छोट्या इतिहास संशोधन संस्थेचं प्रकाशनाचं काम बघते, अनुदानाचे प्रस्ताव लिहिणं आणि दुसऱ्यांचे आलेले प्रस्ताव वाचून मत देणं ही दोन्ही कामं करत आलेय, तेव्हा त्या अनुभवावरून सांगते. अनुदान कोण देतं हे शोधणं तसं सोपं आहे, घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. तुम्ही 'पुस्तक छापायला पैसे द्या' असं मागणार आणि नुसत्या छपाईला पैसे देणारे फारच थोडे असतात. पण तुमच्या पुस्तकात खरं तर चार-पाच वेगवेगळी कामं एकत्र आहेत. मोडीचं वाचन, वीरगळांची नोंद, ओव्यांचं रेकॉर्डिंग, नकाशे, फोटो, आणि मग शेवटी छपाई. यातल्या प्रत्येक कामाला पैसे देणारा वेगळा असू शकतो. माझा सगळा सल्ला या एका गोष्टीभोवती आहे, की अख्ख्या पुस्तकासाठी एकच अनुदान शोधत बसू नका, पुस्तकातलं जे काम आज झालं नाही तर पुन्हा होणार नाही त्या कामाला अनुदान मागा आणि छपाईचा खर्च वेगळ्या मार्गाने उभा करा.

आता बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही व्यक्ती म्हणून अर्ज करणार की तुमची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेली संस्था आहे? तुमच्यापैकी कुणाचं हे पहिलंच पुस्तक आहे का? यातला काही भाग कुणाच्या पीएचडीचा आहे का? वाड्यातली कागदपत्रं कुणाच्या मालकीची आहेत आणि त्यांची लेखी परवानगी आहे का? हे प्रश्नात नव्हतं म्हणून मी दोन्ही बाजू धरून लिहितेय.

सरकारी बाजूला पहिलं नाव सगळे घेतात ते महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं, १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेलं. त्यांची नवलेखक अनुदान योजना लोकांना माहीत असते, गेल्या काही वर्षांत अर्ज साधारण जानेवारीत मागवतात. पण ती पहिल्या पुस्तकासाठी आहे आणि मुख्यतः कविता, कथा, कादंबरी, नाटक, बालवाङ्मय, ललित-वैचारिक लेखन, चरित्र, प्रवासवर्णन अशा प्रकारांसाठी आहे. तालुक्याचा संदर्भग्रंथ त्यात कोंबायला गेलात तर ओढाताण होईल आणि ती वाचणाऱ्याला लगेच दिसते. त्यापेक्षा मंडळ स्वतःच पुस्तकं प्रकाशित करतं हा मार्ग बघा. हस्तलिखित त्यांच्याकडे द्यायचं, ते तज्ज्ञांकडे जातं, पसंत पडलं तर मंडळ छापतं. यात पैसा तुम्हाला मिळत नाही पण खर्चही तुमचा होत नाही, पुस्तकाची किंमत कमी राहते आणि मंडळ आपली बरीच पुस्तकं वेबसाइटवर मोफत ठेवतं म्हणजे वाचकांपर्यंत पोचतं. वेळ मात्र भरपूर लागतो, घाई असेल तर हा रस्ता नको.

दिल्लीत भारतीय इतिहास संशोधन परिषद आहे, १९७२ पासूनची. तिच्याकडे इतिहासाच्या ग्रंथांसाठी आणि पीएचडीच्या प्रबंधांसाठी प्रकाशन साहाय्य आहे. तिथे तुमचं लेखन दुसऱ्या इतिहासकाराकडे तपासायला जाणार हे धरूनच चाला. म्हणजे तळटीपा, संदर्भ, कागद कुठल्या रुमालातला (म्हणजे दफ्तराच्या कुठल्या गठ्ठ्यातला), कुणाच्या संग्रहातला, मूळ तारीख काय, हे सगळं हवं. 'गावकरी सांगतात की' हा संदर्भ चालतो पण तो तसाच लिहावा लागतो, कुठल्या गावात, कधी, कुणी सांगितलं ते. आणि आधी काय छापलंय ते तुम्हाला माहीत आहे हे दाखवावं लागतं. कॅम्पबेलने संपादित केलेले मुंबई इलाख्याचे गॅझेटियर (जिल्ह्यांची माहिती देणारे इंग्रजी अमदानीतले सरकारी ग्रंथ) आहेत, नंतर राज्याच्या दर्शनिका विभागाचे जिल्हा गॅझेटियर आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळाची १९१० पासूनची प्रकाशनं आहेत. तुमच्या तालुक्याबद्दल यात काय आलंय आणि काय आलेलं नाही हे दोन पानांत लिहून काढा. ही दोन पानं प्रत्येक अर्जाला लागतील, आणि खरं सांगायचं तर पुस्तकाची प्रस्तावनाही तीच होईल.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की आता वारशावरच्या पुस्तकांना पैसाच पैसा. तसं नाहीये. लक्ष वाढलंय हे खरं, पण ते रायगड-राजगड-सिंधुदुर्गाकडे आहे. तुमचे दोन पडके किल्ले त्या यादीत नाहीत आणि माझ्या मते हीच तुमची जमेची बाजू आहे. ज्याच्यावर कुणीच लिहिलं नाही त्यावर काम करताय हे प्रस्तावात पहिल्या चार ओळीत आलं पाहिजे.

प्रस्तावाच्या भाषेबद्दल जरा थांबून सांगते कारण बहुतेक अर्ज इथेच मागे पडतात. जवळपास प्रत्येक अर्ज असा सुरू होतो, 'आमच्या तालुक्याला प्राचीन आणि गौरवशाली इतिहास लाभला आहे.' अहो महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याला तो लाभलाय, वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी एक वीरगळ घ्या. कुठल्या गावात, मारुतीच्या देवळामागे की पारावर, उंची किती, दगड कुठला, किती चौकटी, सगळ्यात खालच्या चौकटीत नुसती लढाई आहे की गाई पण कोरल्यात म्हणजे गोधन राखताना पडलेला वीर, त्याच्या वर अप्सरा त्याला नेतायत, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. त्यावर शेंदूर चढलाय का, रंग दिलाय का, रस्ता रुंद करताना उचलून कडेला टाकलाय का. आणि मग लिहा की अशा इतक्या वीरगळांची नोंद तुम्ही केलीय आणि त्यातले इतके आजवर कुठल्याही छापील नोंदीत नाहीत. हे वाचल्यावर समोरच्याला कळतं की हे लोक जागेवर गेलेत, मोजलंय, बघितलंय. मी स्वतः प्रस्ताव वाचते तेव्हा असा एक परिच्छेद सापडला की बाकीचा अर्ज वेगळ्या नजरेने वाचते, आणि नाही सापडला तर कितीही मोठ्या माणसाची शिफारस जोडलेली असू दे, फरक पडत नाही.

आता खर्चाचं. तुम्ही प्रकाशकाने सांगितलेला एकच ठोक आकडा धरून बसलाय, तो फोडा. डीटीपी (पानांची संगणकावर मांडणी) वेगळं, मुद्रितशोधन वेगळं, मोडी लिप्यंतर पानाप्रमाणे वेगळं, नकाशे, फोटोंची दुरुस्ती, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी, टपाल. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, त्यासाठी कुणी पैसे लावले असतील तर विचारा कशाचे. छपाईच्या बिलात जीएसटी असतो तो धरलाय का बघा, तोच शेवटी खड्डा पाडतो. आणि पानांचं गणित करा. पुस्तक १६ पानी फर्म्यात छापतात, फर्मा म्हणजे एका तावावर एकदम छापून घडी घातलेली पानं, ३४० म्हणजे २१ फर्मे आणि वर ४ पानं, त्या चार पानांसाठी जादा तुकडा छापायचा आणि बांधायचा. ३३६ वर आणा, बरोबर २१ फर्मे होतात. सगळे ६० फोटो रंगीत हवेत का तेही ठरवा. वीरगळ आणि शिलालेख काळ्या-पांढऱ्यात उलट जास्त स्पष्ट दिसतात, कोरीव काम सावलीत कळतं. खरंच रंग लागेल ते फोटो निवडून एका १६ पानी आर्ट पेपरच्या फर्म्यात घाला आणि बाकी मजकुराबरोबर साध्या कागदावर. नुसतं एवढं केलं तरी प्रकाशकाचा आकडा खाली येईल, अनुदान न मागताच.

फोडलेला खर्च समोर आला की मग दिसतं कुठला भाग कुणाकडे न्यायचा. वाड्यातली कागदपत्रं वाळवी-ओल लागून चालली असतील तर ते डिजिटायझेशनचं काम आहे, छपाईचं नाही. ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यात असलेल्या दफ्तरांसाठीचा एक कार्यक्रम (Endangered Archives Programme) २००४ पासून चालू आहे, तो अशा कामाला अनुदान देतो, मूळ कागद देशातच राहतात आणि प्रती ऑनलाइन मोफत ठेवाव्या लागतात. अर्ज इंग्रजीत आणि मोठा असतो, एखाद्या विद्यापीठाला किंवा संशोधन मंडळाला सोबत घेऊनच करा. पुस्तकाची छपाई त्यात बसत नाही, पण स्कॅनिंगचा खर्च तिकडून आला तर तेवढा भार तुमच्या पुस्तकावरून उतरला ना.

ओव्यांचं तसंच. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावांमधून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या आज पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइटवर आहेत आणि त्यात गाणाऱ्या बाईचं नाव, गाव असं सगळं नोंदवलेलं आहे. तुम्ही तुमच्या पुस्तकात 'संकलित ओव्या' म्हणून एक प्रकरण केलंय असं दिसतंय. प्रत्येक ओवीखाली गाणारणीचं नाव आणि गाव यायलाच हवं, आणि त्यांची किंवा घरच्यांची परवानगी हवी. हे मी अनुदानासाठी सांगत नाहीये, ते त्या बायकांचं आहे म्हणून सांगतेय. अनुदान देणारेही आता हे विचारतात हा भाग वेगळा.

संस्था की व्यक्ती, हा मुद्दा. व्यक्तीला काही ठिकाणीच अर्ज करता येतो, संस्था असेल तर दारं बरीच उघडतात. केंद्राकडून पैसा हवा असेल तर संस्थेची दर्पण या सरकारी पोर्टलवर नोंद लागते. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामांसाठीचा) निधी हवा असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृतीचं जतन हा विषय आहे, त्यात तुमचं काम मांडता येतं. पण कंपनी तो पैसा लेखकाच्या हातात देत नाही, तो बाहेरच्या संस्थेमार्फत द्यायचा तर त्या संस्थेकडे साधारणपणे आयकर सवलतीच्या १२ए, ८०जी नोंदण्या आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झालेली सीएसआर-१ नोंदणी लागते. एवढ्यासाठी नवीन ट्रस्ट काढू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ट्रस्ट म्हणजे दरवर्षी ऑडिट, बदल अर्ज, विश्वस्तांच्या सभा, पुस्तक बाजूला राहील आणि तुम्ही सगळे कागद भरत बसाल. तालुक्यात किंवा जिल्ह्यात एखादं जुनं सार्वजनिक वाचनालय, शिक्षण संस्था, संशोधन मंडळ असेल ज्यांच्याकडे हे सगळं आधीच आहे, त्यांच्या नावाने प्रकल्प करा आणि तुमच्यात लेखी करार करा. करारात लेखक कोण, कॉपीराइट कुणाचा, उरलेल्या प्रती कुणाच्या आणि विक्रीचे पैसे कुठे जाणार एवढं तरी असू दे. तोंडी ठरवलेलं पुस्तक चाललं की विसरलं जातं.

तुम्ही लिहिलंय की तालुक्यातले काही लोक अमेरिकेत आहेत आणि ते मदत करतील. चांगलंय, पण त्यातले जे भारतीय नागरिक आहेत त्यांनी स्वतःच्या खात्यातून दिलेली देणगी वेगळी आणि ज्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलंय त्यांची वेगळी. दुसरी ही परकीय देणगी धरतात आणि संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणगी कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेता येत नाही. त्यांना सरळ पुस्तकाच्या प्रती विकत घ्यायला सांगा, शाळांना वाटायला म्हणून शंभर प्रती कुणी घेतल्या तर ती विक्री आहे. तरी रक्कम मोठी असेल तर एकदा सीएला विचारा.

इथवरचं थोडक्यात, म्हणजे तुमचा गोंधळ नको. खर्च फोडा, जे नष्ट होतंय त्या कामाला अनुदान मागा, नोंदणीकृत संस्थेला सोबत घ्या. राहिली छपाई.

छपाईसाठी माझा सगळ्यात जास्त भरवसा प्रकाशनपूर्व नोंदणीवर आहे, म्हणजे पुस्तक निघायच्या आधीच वाचकांकडून प्रतीचे पैसे घेणं. मराठीत ही जुनी पद्धत आहे आणि तालुक्याच्या पुस्तकाला ती जशी लागू पडते तशी कादंबरीला पडत नाही, कारण तुमचा वाचक कोण आणि कुठे आहे हे तुम्हाला आधीच माहीत आहे. ज्या ज्या गावाची नोंद पुस्तकात आहे त्या प्रत्येक गावात चार घरं तरी घेणार, शाळा घेणार, मुंबई-पुण्यात गेलेले लोक घेणार. आठ पानांची नमुना पुस्तिका करा, एक वीरगळ, एक बारव, एक मोडी पत्र लिप्यंतरासकट आणि दोन ओव्या. ती दाखवून सवलतीत नोंदणी घ्या, पावती द्या आणि पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. फक्त तारीख जाहीर करायची ती हस्तलिखित प्रेसमध्ये जाण्याच्या स्थितीत असतानाच, आधी नाही. अनुदान देणाऱ्यांनाही ही यादी दाखवता येते, की बघा एवढ्या प्रतींचे पैसे लोकांनी आगाऊ दिलेत, उरलेली तूट इतकी आहे. तूट मागणाऱ्याला मिळतं, सगळंच मागणाऱ्याकडे लोक हात आखडता घेतात.

पतसंस्था, साखर कारखाना, देवस्थान, वाड्याचं घराणं, हे सगळे पैसे देऊ शकतात आणि देतातही. इथे मात्र काळजी घ्या. स्थानिक इतिहास म्हणजे वतनाची भांडणं, कुणी कुणाचं गाव लुटलं, देऊळ आधी कुणाचं होतं, कुठल्या समाजाचा वीरगळ आज कोण पुजतं, असल्या गोष्टी येणारच. ज्यांच्या पूर्वजांबद्दल लिहिलंय त्यांनीच छपाईचा मोठा वाटा उचलला की 'हे पान जरा बघा ना' असा फोन येतो, आणि छपाई सुरू झाल्यावर येतो. आमच्याकडे एका पुस्तकाच्या वेळी एका देणगीदाराने एका कुळाचा उल्लेख गाळायला सांगितला होता, आम्ही देणगी परत केली आणि पुस्तक उशिरा काढलं पण उल्लेख ठेवला. त्यानंतर आम्ही देणगीच्या पत्रातच एक ओळ घालतो, की मजकुराचा निर्णय लेखक आणि संपादकांचा राहील, देणगीदाराचं नाव आभारात येईल. ज्यांना ही ओळ मान्य नाही त्यांच्याकडून घेऊ नका. शक्यतो एकाच देणगीदाराकडून मोठी रक्कम घेण्यापेक्षा अनेकांकडून थोडी थोडी घ्या.

पैसे कधी येतात हेही आधी समजून घ्या. बऱ्याच अनुदानांत रक्कम हप्त्यात येते, शेवटचा हप्ता छापील प्रती आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला) दिल्यावर. म्हणजे मधला काळ तुम्हालाच काढायचा असतो, तेव्हा प्रेसवाल्याशी बोलून ठेवा. मंजुरीचं पत्र यायच्या आधी झालेला खर्च बहुधा धरत नाहीत, म्हणून अर्ज करून लगेच छापायला टाकू नका. प्रत्येक बिल मंजुरी ज्याच्या नावाने आली त्याच नावाने घ्या, दुसऱ्याच्या नावाचं बिल लेखापरीक्षणात उडतं. आणि मंजूर झालेल्या बाबीतच खर्च करा, मोडीसाठी आलेले पैसे कागदाला वापरायचे असतील तर आधी लेखी विचारा, बहुतेक वेळा हो म्हणतात.

पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या इतर ग्रंथालयांना पाठवायच्या असतात, त्यात मुंबईची सेंट्रल लायब्ररी आहे, मुदत ३० दिवसांची. याचा टपालखर्च आधीच धरा. राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाकडे ग्रंथनिवडीसाठीही प्रती द्या, शासनमान्य यादीत आलं की सार्वजनिक वाचनालयांना ते घेणं सोपं जातं, आणि तुमच्यासारख्या पुस्तकाची पुढची खरी विक्री वाचनालयांतच होते.

आता तुम्ही कुठून सुरुवात कराल? वाड्याच्या मालकांकडून कागद छापायची लेखी परवानगी आधी घ्या, त्याशिवाय कुठलाच अर्ज पुढे जाणार नाही. फोटो ज्या मित्रांनी काढलेत त्यांचीही घ्या, घरचंच काम आहे म्हणून राहून जातं. मग ती दोन पानं लिहा, आधी काय छापलंय त्याची. तोवर प्रकाशकाकडून फोडलेला खर्च आणि दुसऱ्या एका प्रेसकडून कोटेशन मागवा. हे हातात आलं की अनुक्रमणिका आणि खर्चाचा तक्ता इथेच टाका, संस्थेचं काय ठरलं तेही लिहा, कुठला भाग कुठे पाठवायचा ते नेमकं सांगते आणि प्रस्तावाचा मसुदा असेल तर तोही वाचून देईन.